मदत हवी आहे: कार्बन क्रेडिटच्या करारावर सही करायची का? नागपुरात कोणाला विचारायचं?

मोहफूल_रामटेक:
लवकर सांगा, रविवारी सह्या आहेत. झाडांचे कार्बन क्रेडिट विकून देतो म्हणून एक कंपनी आली आहे. त्यांची पोरं छातीच्या उंचीवर टेप लावून ऐन-सागाचे घेर मोजून गेली, मोजलेल्या झाडांना लाल पट्टे मारले. करार इंग्रजीत, मराठीत फक्त सह्यांचं पान. माणूस म्हणतो योजना 'सरकारमान्य' आहे. नागपुरात एका ऑफिसने दुसरीकडे पाठवलं, तिथे म्हणाले आमच्याकडे हा विषयच नाही. मग यात सरकार नेमकं आहे कुठे?

संत्रावाला_काटोल:
किती एकर? सातबारा कोणाच्या नावावर? बांधावरची झाडं की सलग लागवड? शेतकऱ्यांसाठी ऐच्छिक कार्बन बाजाराची (कंपन्या सक्ती नसताना, स्वतःहून क्रेडिट विकत घेतात तो बाजार) चौकट केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये आणली आहे. तालुका कृषी कार्यालयात जा. आणि बांबू लावा. माझ्या बांधावर आहे, क्रेडिट मिळो न मिळो, बांबू विकला जातोच.

धरमपेठ७:
हे ग्रीन क्रेडिट असणार, झाडं लावल्याबद्दल सरकार देतं ते, म्हणजे सरकारीच. ऑक्टोबर २०२३ चे नियम आहेत, डेहराडूनची वन संशोधन परिषद चालवते. झाडामागे एक क्रेडिट, आणि ते बाजारात विकता येतं. बिनधास्त सही करा.

वकील_सिव्हिल_लाइन्स:
धरमपेठ, कृपा करून असं ठोकून देऊ नका. ग्रीन क्रेडिट आणि कार्बन क्रेडिट वेगळे. ऑगस्ट २०२५ च्या सुधारणेनंतर ग्रीन क्रेडिट पाच वर्षांनी, जगलेल्या झाडांवर आणि झाडांच्या शेंड्यांनी किमान ४० टक्के जमीन झाकली असेल तरच मिळतं. ते खुल्या बाजारात विकताही येत नाही. एक कार्बन क्रेडिट म्हणजे हवेतून शोषलेला किंवा हवेत जाण्यापासून वाचवलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. त्याची देशी व्यापार योजना ऊर्जा मंत्रालयाने जून २०२३ मध्ये अधिसूचित केली. शिवाय परदेशी खासगी मानकांवर चालणारा ऐच्छिक बाजार आहेच. मूळ प्रश्नकर्ते, कंपनीने कोणत्या मानकाखाली नोंदणी केली? प्रकल्प क्रमांक मागा. त्या नोंदवह्या सगळ्यांना खुल्या असतात.

सागबाग:
तोडणीचा परवाना हवा असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात सातबारा आणि नकाशा घेऊन जा. मालकीचा साग असला तरी वाहतूक पास लागतो.

मोहफूल_रामटेक:
तोडायचं नाही हो! आणि सातबारा कुठून आणू, शेत नाहीच ते. गावाचं जंगल आहे, सामूहिक वनहक्काचं. मी समितीची सचिव आहे. सह्या अध्यक्षांच्या आणि माझ्या मागताहेत.

वकील_सिव्हिल_लाइन्स:
ताई, हेच सगळ्यात आधी लिहायचं होतं. दोघांच्या सहीने गावाचं जंगल बांधता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्या जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन ग्रामसभेकडे आहे. ठराव ग्रामसभेचाच हवा. २०१२ च्या नियमांनुसार निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. तशी सभा झाली का? करार किती वर्षांचा? चराई, सरपण, मोह, तेंदू यांबद्दल काय लिहिलंय?

धरमपेठ७:
दरवेळी कायदा काढून चालतं का? सरकार मध्ये आलं की परवाने आणि खेटे. गाव आणि कंपनी बघून घेतील, दोघांचाही फायदा आहे.

पाणलोट_पेंच:
बघून कसे घेणार? एकाकडे उपग्रहाचे नकाशे आणि वकील, दुसऱ्याकडे न वाचलेला इंग्रजी कागद. बाजार आपोआप उभा राहत नाही. कांदा विकायलासुद्धा वजनकाटा आणि लिलावाचे नियम लागतात, इथे तर माल डोळ्याला दिसत नाही. जंगल कोणाचं, मोजणार कोण, फसवलं तर दाद कुठे, हे सरकारनेच ठरवायला हवं. आणि गिऱ्हाईकसुद्धा सरकारने उभं करायचं असतं. कोस्टारिकाने १९९६ मध्ये कायदा करून इंधनावरच्या करातून जंगल राखणाऱ्यांना पैसे दिले. आपल्याकडे हिमाचलमधल्या पालमपूरची नगरपरिषद २०१० च्या करारानुसार झऱ्यावरचं जंगल राखणाऱ्या बोहल गावाच्या समितीला वर्षाला दहा हजार देते. रक्कम छोटी आहे, पण पाणी पिणाऱ्याने पाणी राखणाऱ्याला दिली. नागपूर पेंचचं पाणी पितं. वरच्या गावांना महापालिकेने काही द्यावं, हा विचार इथे कधी होणार?

संत्रावाला_काटोल:
आधीच पाण्याचं बिल भरवत नाही लोकांना. वनीकरणाच्या निधीतून द्या की, कॅम्पात (जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला देताना घेतलेल्या भरपाईचा निधी) पैसा आहे ना.

पाणलोट_पेंच:
कॅम्पात पैसा जंगल गेलं की जमा होतो. २०१६ च्या कायद्याने त्यातला ९० टक्के राज्याकडे येतो. ज्यांनी जंगल जाऊ दिलं नाही त्या गावांचं काय, हाच तर माझा प्रश्न आहे.

मोहफूल_रामटेक:
वाद नंतर घाला. करार ४० वर्षांचा आहे. माझ्या पुतणीने चाळला, त्यात 'चराई बंद' असं कलम आहे म्हणते. आमच्याकडे सगळ्यांची गुरं तिथेच जातात. पैसे किती ते लिहिलंच नाही, 'विक्रीनंतर खर्च वजा करून' एवढंच आहे. पण सध्याची झाडं मोजली, म्हणजे त्याचे पैसे लगेच येतील ना?

वकील_सिव्हिल_लाइन्स:
नाही ताई. आज उभं आहे त्याचे क्रेडिट होत नाहीत. घेर मोजला तो आजची पातळी नोंदवायला. या प्रकल्पामुळे जे जास्तीचं वाढेल किंवा वाचेल, त्याचेच क्रेडिट, तेही त्रयस्थ संस्थेने पडताळल्यावर. रविवारी सही करू नका. पूर्ण मराठी करार, प्रकल्प क्रमांक, खर्चाची मर्यादा आणि ग्रामसभेचा टक्का लेखी मागा. चराईचं कलम काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि 'सरकारमान्य' म्हणतात तो आदेश मागा. प्रत घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात वनहक्काच्या जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज द्या, पोच घ्या. आमच्याकडे विषय नाही असं त्यांना म्हणता येणार नाही.

मोहफूल_रामटेक:
सोमवारी अर्ज देते. रविवारी सह्यांऐवजी ग्रामसभाच बोलावतो, बायांना मी स्वतः घरोघरी सांगते. अजून एक. अध्यक्षांनी नोंदणी फॉर्मवर आधीच अंगठा दिलाय आणि गावाने थोडी आगाऊ रक्कम घेतली आहे. त्याने काही अडतं का?

वकील_सिव्हिल_लाइन्स:
अडू शकतं. पावतीवर काय लिहिलंय ते शब्दशः इथे टाका. पैसे खर्चू नका.