पोटाच्या आधी एकदा छाती तपासून घ्या

तुमच्या आईंचं हिमोग्लोबिन सारखं उतरतंय, शौचाला डांबरासारखं काळं होतंय आणि तोंडातून आणि खालून अशा दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, हे वाचलं आणि आमचे मामाच डोळ्यासमोर आले बघा. सोलापुरात पूर्व भागात राहतात, सगळा जन्म यंत्रमागावर गेला, दीड वर्षात पाच वेळा रक्त चढवलं, नखं पार पांढरी, जिना चढताना दर दोन पायऱ्यांना कठडा धरून थांबायचे आणि सगळीकडे अल्सर अल्सर म्हणून त्याच गोळ्या. शेवटी एका डॉक्टरांनी छातीला स्टेथो लावून बराच वेळ ऐकलं, लगेच टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी सांगितली, तर हृदयातून निघणाऱ्या महाधमनीची झडप एकदम अरुंद झालेली! अशी अरुंद झडप आणि आतड्यातून रक्त जाणं एकत्र असलं की त्याला हाइड सिंड्रोम म्हणतात, एडवर्ड हाइड यांनी १९५८ मध्ये हा संबंध मांडला. अरुंद झडपेतून रक्त जोरात घुसताना फॉन विलेब्रांड नावाचं रक्त गोठायला लागणारं प्रोटीन तुटतं, मग आतड्यातल्या नाजूक फुगलेल्या रक्तवाहिन्या झिरपत राहतात. झडप बदलल्यावर बऱ्याच जणांचं थांबतं, मामांचं थांबलं.

अजून एक, ड्यूलाफॉय म्हणून असतं, जठराच्या अस्तराला चिकटून एक जाड धमनी, रक्त थांबलं की दुर्बिणीत सापडणं अवघड, म्हणून रक्त जात असतानाच दुर्बीण झालेली बरी. आईंचा इको झालाय का हो?