'गौप्यस्फोट' हा शब्द कुठून आला? ग्रामसभेच्या बातमीत चालेल का?

पऱ्हाटी (आर्णी, जि. यवतमाळ):
तालुक्याच्या साप्ताहिकाला बातमी द्यायची आहे. मथळा सुचवलाय: "पाणीपुरवठ्याच्या खर्चाचा ग्रामसभेत गौप्यस्फोट". आकडे माहिती अधिकारातून मिळालेत. शब्द बरोबर बसतो का? आणि बॉम्बचा स्फोट नि हा स्फोट एकच का?

बोरू:
एकच. धातू संस्कृत, स्फुट्: फुटणे, उमलणे, स्पष्ट होणे. बंद होतं ते उघडं होणं हा गाभा, धमाका नंतरचा. म्हणूनच स्फुट म्हणजे स्पष्ट आणि अस्फुट म्हणजे पुसट. जुना व्याकरणकार भर्तृहरी याच्या स्फोटवादात, म्हणजे शब्दातून अर्थ कसा कळतो या विचारात, तर दारूगोळ्याचा वासही नाही. तिथे ध्वनींतून शब्द प्रकट होतो नि अर्थ कळतो.

पहिलं पद गुप् या धातूचं, म्हणजे राखणे, लपवणे. गुप्त, गोपनीय हे त्याचेच. लपवण्याजोगं ते गोप्य. मराठीत त्याचं गौप्य झालं आणि नाम म्हणून रुळलं. जोडशब्दात गौप्यच लिहा. 'गौप्यस्पोट' छापलेलं दिसतं, ते चूक. कोशात स्फोट बघायचा तर 'स'च्या पानांत. पोरं 'फ'मध्ये शोधत बसतात.

धुऱ्यावरचा:
राजेहो, आपलं 'फुटणे' त्याच धातूचं, प्राकृतातून घासून आलेलं. बोंड फुटते अन् मंग कापूस दिसते, काही येगळं नाही. फुटाणे त्यातलेच. पेपर फुटला, बिंग फुटलं, वाचा फोडली, सगळं एकाच घरचं.

टाचण:
तुमच्या मथळ्यात मात्र अडचण आहे. गौप्यस्फोटाला दोन गोष्टी लागतात: माहिती मुद्दाम दडवलेली हवी, आणि सांगणारा शक्यतो आतला. नुसत्या आरोपालाही हल्ली गौप्यस्फोट म्हणतात, ते ढिलं लेखन.

आता पर्यायी शब्द. पर्दाफाश फारसी, फाश म्हणजे उघड. बाहेरच्यानं टोळी पकडली तरी चालतो. भांडाफोड हिंदीकडून आलेला, नागपूरकडे सर्रास. गुन्ह्याचा वास असेल तिथेच वापरा. 'उघडकीस येणे' सर्वांत सुरक्षित. उघडणे हे उद् + घट् वरून, म्हणजे उद्घाटनाचं सख्खं भावंड.

शिवाय माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ प्रमाणे खर्चाचा तपशील कार्यालयानं आपणहून जाहीर करायचा असतो. तो गौप्य नव्हेच. गौप्यस्फोट छापलात की कुणीतरी लपवलं असा आरोप झाला. मग ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा माहिती नाकारली, याचा कागद हाताशी लागेल.

पऱ्हाटी:
उत्तर मुदतीत आलं होतं. मग "पाणीपुरवठ्याच्या खर्चातली तफावत उघडकीस" असं करतो.

टाचण:
चालेल. तफावत किती रुपयांची, ते मथळ्यातच टाका. आणि मोजमाप पुस्तिकेतला (झालेल्या कामाचं माप जिथे नोंदतात ती वही) आकडा व देयकावरचा आकडा बातमीत शेजारी शेजारी द्या.