पाठीतल्या पाण्यात एन्टरोव्हायरस निघाला आणि अँटिबायोटिक बंद केलं, हे बरोबर आहे का?

चिऊची_आई:
मुलगी 6 वर्षांची. शनिवारपासून ताप, उलट्या, डोकं इतकं दुखत होतं की लाइट लावू देत नव्हती, मग मान आखडली तसं अ‍ॅडमिट केलं. पाठीतलं पाणी काढलं, त्यात पेशी 140, बहुतेक लिम्फोसाइट्स (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), साखर नॉर्मल, आणि पीसीआरला (व्हायरसची जनुकं शोधणारी टेस्ट) एन्टरोव्हायरस. आता डॉक्टर म्हणतात अँटिबायोटिक बंद, फक्त सलाईन आणि तापाचं औषध. सासूबाई म्हणतात मेंदूज्वर झालाय आणि औषध बंद कसं करतात?? खरं सांगते मलाही धडधडतंय. त्यात घरी जावेचं 18 दिवसांचं बाळ आहे.

मायक्रोवाला:
ताई मी लॅबमध्ये असतो. साखर नॉर्मल आहे ही चांगली गोष्ट, बॅक्टेरियाचा असता तर सहसा खाली गेली असती. कल्चरचं (पाण्यातून बॅक्टेरिया वाढतात का ते बघायची टेस्ट) काय झालं तेवढं विचारा. व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही आणि या व्हायरसवर खास असं औषधही नाही, मुलं आपली आपणच बरी होतात, आठवडा दहा दिवस डोकं कुरकुरतं. सगळे एन्टरोव्हायरस सारखे नसतात पण. तैवानमध्ये 1998 ला हॅन्ड फूट माउथची साथ आली त्यात 78 जण गेले, बहुतेक लहान मुलं, तो प्रकार 71 नंबरचा, मेंदूच्या खोडालाच धरतो. म्हणून झोपेत दचकून झटके येणं, चालताना झोक जाणं, गुंगी, धाप असं काही दिसलं तर लगेच सिस्टरना बोलवा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

दोन_पोरांचा_बाप:
आमच्या मोठ्याला झालेलं, तो पाचव्या दिवशी क्रिकेट खेळत होता. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न बाळाचा आहे, महिन्याच्या आतल्या बाळाला हे लिव्हर, हृदयापर्यंत जाऊ शकतं. व्हायरस शीतून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, मुलगी खेळायला लागली तरी. आणि सॅनिटायझरवर विसंबू नका, याच्यावर तो नीट चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच. बाळाला ताप आला किंवा दूध ओढेना तर घरी थांबायचं नाही.

जुना_गिरगावकर:
मायक्रोवाला, 70 नंबर विसरलात. 1971 ला मुंबईत डोळे आले होते, आमच्या चाळीत झाडून सगळ्यांचे लाल, मी तेव्हा आठवीत, शाळा बुडाली म्हणून खुश. डोळे बरे झाले आणि त्यानंतर काही लोकांचे पाय पोलिओसारखे लुळे पडले. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडियांनी ते पेशंट तपासून लिहून ठेवलंय, 1981 च्या साथीत पुन्हा तेच. पोलिओ पण याच घराण्यातला. ताईंना घाबरवायला नाही सांगत हां, फार थोड्यांना झालं होतं.

चिऊची_आई:
कल्चर निगेटिव्ह आलं!! मॅडम आता बिस्किट मागतायत. जाऊ बाळाला घेऊन माहेरी जाते म्हणतेय, सासूबाईंना मात्र अजून एक इंजेक्शन हवंच आहे.