प्रतिसाद: हुकूमनाम्याची (कोर्टाच्या निकालाने देणं ठरलेली) रक्कम फेडली, पण जप्तीचा बोजा तसाच

वादीने लिहून दिलेली पावती तलाठ्याला दाखवली की सातबाऱ्यावरचा जप्तीचा शेरा निघतो, असं वरच्या एका उत्तरात म्हटलंय. कृपा करून त्यावर विसंबू नका. पैसे कोर्टाबाहेर दिले असतील तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २ प्रमाणे ती फेड कोर्टात नोंदवावी लागते. नोंद नसलेली फेड दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) चालवणारं कोर्ट धरतच नाही, आणि वादीने नोंद केली नाही तर पैसे देणाऱ्याला अर्ज करायला मुदत फक्त ३० दिवस.

फेड नोंदली गेली की नियम ५५ प्रमाणे जप्ती उठल्याचं मानलं जातं. पण सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातला शेरा आपोआप पुसला जात नाही! कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या आणि फेरफार (नोंदीतला बदल) मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करा.