शब्दचर्चा : ‘प्रभू शिक्षा करतो’ यातली शिक्षा नेमकी कोणती?

प्रश्न :
बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या १२व्या अध्यायात म्हटलं आहे की प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो. माझी आई बरेच महिने अंथरुणाला खिळून आहे. भेटायला आलेल्या एकांनी हेच वचन तिला धीर द्यायला म्हणून ऐकवलं. आई गप्प बसली आणि ते गेल्यावर एवढंच म्हणाली, “माझं काय चुकलं रे?” मूळ शब्दाचा अर्थ हाच आहे, की मराठीत येताना काही निसटलं? जाणकारांनी कृपया सांगावं.

उत्तर :
निसटलं नाही, पण मराठीत हा शब्द जागचा हलला आहे. ‘शिक्षा’ मुळात शिकण्याशी जोडलेला. सहा वेदांगांतलं एक ‘शिक्षा’ आहे आणि त्यात उच्चार कसे करावेत ते शिकवलं जातं. हिंदीत आजही शिक्षा म्हणजे शिक्षणच. मराठीत मात्र शिक्षक आणि शिक्षण शाळेत राहिले आणि शिक्षा न्यायालयात गेली. त्यामुळे शिक्षा म्हटलं की आपण आधी गुन्हा शोधतो. तुमच्या आईंनीही तेच केलं.

पत्रातला मूळ ग्रीक शब्द ‘पैदेइया’. ‘पैस’ म्हणजे मूल, त्यावरून आलेला. मुलाला वाढवणं, शिकवणं, चुकलं तर आवरणं, सगळं त्यात येतं. प्रेषितांची कृत्ये ७:२२ मध्ये मोशे मिसरी लोकांच्या सर्व विद्येत शिकला, तिथे याच घराण्यातलं क्रियापद आहे. लूक २३:१६ मध्ये रोमी सुभेदार पिलात येशूला फटके मारून सोडतो म्हणतो, तिथेही तेच! म्हणजे शब्दात मार अजिबात नाही असं म्हणता येणार नाही. पण पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दंडासाठी ग्रीकमध्ये ‘तिमोरिया’ हा वेगळा शब्द आहे आणि याच पत्राच्या लेखकाने तो १०:२९ मध्ये वापरला आहे. दोनच अध्यायांनंतर, देवाच्या लेकरांविषयी बोलताना, तो शब्द त्याने घेतला नाही.

हे वचन नीतिसूत्रे ३:११-१२ मधून घेतलेलं आहे. तिथला हिब्रू शब्द ‘मुसार’, त्यातही शिकवण आणि ताडन एकत्रच. पत्रात याच वचनाच्या पुढच्या ओळीत ‘फटके मारतो’ असंही आहे. ते ‘फटके’ कुठून आले तेही पाहण्यासारखं आहे. हिब्रू पूर्वी स्वरचिन्हांशिवाय लिहीत. काफ, आलेफ, बेथ ही तीन अक्षरं ‘जसा बाप’ अशी वाचता येतात आणि ‘दुखवतो’ अशीही. हिब्रू परंपरेने बाप वाचला. जुन्या ग्रीक भाषांतराने दुखवणं वाचलं असावं, असं अभ्यासक सांगतात, कारण तिथे ‘फटके मारतो’ आलं आणि पत्रलेखकाने तेच उद्धृत केलं. एकाच अक्षरांत बाप आणि वेदना दोन्ही निघाव्यात, यावर मी कितीतरी दिवस विचार करत होते.

आता ११वं वचन. शिक्षा त्या वेळी आनंदाची वाटत नाही, पण जे तिच्यात घडवले जातात त्यांना ती पुढे शांतीचं फळ देते. ‘घडवले जाणं’ यासाठी ग्रीकमध्ये ‘गुम्नाझो’ आहे, व्यायामशाळेतला शब्द, ज्याच्याशी आपल्या ‘जिम’चं नातं आहे. मराठी भाषांतरकारांनी इथे ‘वळण लागणे’ घेतलं. मला या साऱ्या अध्यायात हाच शब्द सर्वांत नेमका वाटतो.

कारण तो मी हातावर अनुभवला आहे. अपघातानंतर सहा आठवडे उजवा हात प्लास्टरमध्ये होता. निघाला तेव्हा मूठ वळेना. फिजिओथेरपिस्ट रोज एकेक बोट धरून हळूहळू आत वाकवायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं. त्या म्हणायच्या, “दुखतंय, कळतंय मला,” पण बोट सोडायच्या नाहीत. आणि दुसरा हात कायम माझ्या मनगटाखाली आधाराला. त्याच दिवसांत कुणीतरी उशाशी ठेवलेला नवा करार मी डाव्या हाताने पानं उलटत वाचायला घेतला. माझ्या घरात तोवर ख्रिस्ती कुणी नव्हतं. हे ११वं वचन वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं की मला कुणीतरी धरलेलं आहे. माझा विश्वास तिथे सुरू झाला. अपराध आठवून नव्हे.

प्रतिप्रश्न :
मनापासून आभार, ताई. पण मग प्रत्येक दुखणं हे देवाने लावलेलं वळणच म्हणायचं का? आईचं दुखणं बरं होणारं नाही.

उत्तर :
नाही, दादा. बोटं मोडली ती देवाने माझ्यासाठी मोडली, असं मी कधीच म्हणणार नाही. मोडलेल्या बोटांशी तो काय करत होता, एवढंच मला सांगता येतं. आणि तेही फक्त माझ्याबद्दल. ईयोब ५:१७ मध्ये, निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाला भेटायला आलेला मित्र अलीफज हाच ‘मुसार’ शब्द काढून त्याला सांगतो की सर्वसमर्थाची शिक्षा तुच्छ मानू नको. वाक्य जवळजवळ नीतिसूत्रांतलंच. पण शेवटी, ४२:७ मध्ये, देव त्याच अलीफजाला म्हणतो की तू आणि तुझे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. शब्द तोच, पण दुसऱ्याच्या अंथरुणाशी उभं राहून उच्चारला की तो आरोप होतो. योहान ९ मध्ये जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही नाकारलं.

आईंना इब्री १२ आता वाचून दाखवू नका. यशया ५३:५ वाचा, ज्यात आम्ही ख्रिस्ती लोक येशूला पाहतो. तिथेही मूळ शब्द ‘मुसार’च आहे आणि मराठीत ‘शिक्षा’च आहे, आपल्याला शांती देणारी. फक्त ती ज्याला झाली तो दुसरा आहे.