मदत हवी आहे : काकांचं क्रिएटिनिन १.४ आलंय, मुलगा म्हणतो पावडर तुम्हीच चालू केलीत

सांगलीत एका जिममध्ये पर्सनल ट्रेनर आहे, तीन वर्षं झाली. शुक्रवारी एका क्लायंटच्या मुलाला भेटायचंय. त्याआधी जाणकारांनी कान धरले तरी चालतील, पण नीट सांगा.

काका ५७ वर्षांचे, ७४ किलो, पक्के शाकाहारी. शुगर नाही, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू. आठ महिन्यांपूर्वी आले तेव्हा खुर्चीतून उठतानाही हाताचा टेकू लागायचा. त्यांना थेट स्क्वॉट कुठला देणार? स्टेपरवर प्लेटा रचून उंच बैठक केली, तिच्यावर बसायचं आणि उठायचं, एवढंच. जमायला लागलं की एक प्लेट काढायची. बीपीवाला माणूस जोर लावताना श्वास कोंडतो, म्हणून उठताना मोठ्याने आकडा म्हणायला लावतो. आकडा म्हणणाऱ्याला श्वास धरताच येत नाही. आख्ख्या जिमला पाठ झालंय, "साऽऽत... आऽऽठ". आता छातीशी १० किलोचा डंबेल धरून दहाचे तीन सेट मारतात.

खाण्याचं तीन दिवस लिहून आणायला सांगितलं. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी-वरण-भात, चारला चहा-खारी, रात्री खिचडी नाहीतर भाकरी. प्रोटीन जेमतेम ४५ ग्रॅम. "वरण दोन वाट्या खातो की!" म्हणाले. डब्यातलं वरण बघितलं तर वाटीचा तळ दिसत होता. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीतच किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे यांना ६१. वजन उचलणाऱ्याला मी १.२ धरतो. म्हणून मटकीची उसळ, दही, १०० ग्रॅम पनीर आणि व्हे प्रोटीन पावडरचा (दुधापासून बनते ती) एक स्कूप वाढवला. पाच आठवड्यांपूर्वी रोज ३ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट (ताकदीसाठी घेतात ती पावडर) सुचवलं. तेही मीच, नाकारत नाही. डबा त्यांनी बाहेरून आणला, मला त्यात एक रुपया कमिशन नाही. मुलाला ते पटत नाही.

गेल्या आठवड्यात रूटीन रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा चढला की किडनीची शंका घेतात) १.४ आलं. वर्षापूर्वी १.० होतं. डॉक्टरांनी सगळं बंद करायला सांगितलं, जिमसुद्धा. काका घाबरलेत. क्रिएटिनने खरंच किडनी गेली असेल का? आणि मुलाशी बोलायचं कसं?

लॅबमधला
दोन शब्दांत गल्लत होतेय. क्रिएटिन स्नायूंत साठतं, त्यातलं थोडं रोज आपोआप क्रिएटिनिन होऊन लघवीवाटे जातं. वरून क्रिएटिन घेतलं की किडनी ठणठणीत असतानाही रक्तातला हा आकडा थोडा चढू शकतो. आदल्या दिवशी दणकून व्यायाम झाला असेल तरी चढतो, कधी लिव्हरच्या टेस्टमधलं एसजीओटीसुद्धा, मग लिव्हरची वेगळीच भीती. पण म्हणून "काही नाही हो" असं तू म्हणू नकोस. ते लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं सिस्टॅटिन सी (किडनी तपासायचा दुसरा आकडा) बघून डॉक्टर म्हणतील. सिस्टॅटिन सी क्रिएटिनमुळे हलत नाही. सगळ्या लॅबमध्ये होत नाही, आधी फोन करा. क्रिएटिन बंद केल्यावर स्नायूंतला साठा मूळ पातळीवर यायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत परत टेस्ट करून तसाच आकडा आला तर हाय खाऊ नका.

निसर्गप्रेमी
पावडरी म्हणजे विष. आमचे आजोबा ज्वारीची भाकरी खाऊन नव्वद वर्षं जगले.

जुना पैलवान
आजोबा नांगरपण धरत असतील, ते पण सांगा.

ट्रेनरभाऊ, तुझं एक चुकलं. बीपीची गोळी चालू असलेल्या माणसाला क्रिएटिन सुचवण्याआधी क्रिएटिनिन करून घ्यायचं आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं. पन्नाशीनंतर हा नियमच ठेव. आधीचा ताजा आकडा हातात नसला की नंतर काहीच सिद्ध करता येत नाही. डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा) १४ आकडी नंबर, बॅच आणि तारीख आहे का, तेही बघ. सुटी पावडर असेल तर आत काय आहे देव जाणे.

आता मुख्य. तू खाणं विचारलंस, पावडर सांगितलीस. दुखणं विचारलंस का? तालमीत वस्ताद खुराकाआधी "कुठं दुखतंय?" विचारायचे. या वयात गुडघे बोलतात, आणि माणसं मेडिकलमधून परस्पर गोळी आणतात. टेल्मिसार्टनच्या जोडीला डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी रोज गेली तर किडनीवर ताण येतो. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की आणखी. विचार एकदा.

धागाकर्ता
आत्ता काकांना फोन केला. आधी नाही-नाही म्हणाले. मग, "ती गुडघ्याची का? ती काय औषध आहे होय!" जिमच्या बॅगेत शेकरशेजारच्या छोट्या कप्प्यात स्ट्रिप असते. तीन आठवड्यांपासून रोज एक, कधी दोन, जिमला निघायच्या आधी. डायक्लोफिनॅकच. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. म्हटलं, आजपासून बंद आणि आजच डॉक्टरांना कळवा.

आणि माझी डायरी उघडली. तीन आठवड्यांपूर्वीच मी एकदम दोन प्लेटा काढल्या होत्या. बैठक खाली गेली, काका "जमतंय, जमतंय" म्हणत राहिले, मी आकडे ऐकत राहिलो, चेहरा बघितला नाही.

मुलाला मघाशी हे सगळं सांगितलं, प्लेटांसकट. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, शुक्रवारी तुम्हीपण डॉक्टरांकडे चला. क्रिएटिनचा डबा, ती स्ट्रिप आणि माझी डायरी घेऊन जातोय. तिथे सिस्टॅटिन सीचं विचारतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत काकांचं जिम बंदच. पुढे परवानगी मिळालीच तर दोन्ही प्लेटा परत ठेवून सुरुवात.