घराचं नूतनीकरण आणि ठेकेदार : तुमचे अनुभव लिहा

आमच्या घराचं काम दोन वर्षांपूर्वी झालं. दोन बाथरूम, स्वयंपाकघर, सगळीकडची फरशी आणि रंग. सगळं एकाच ठेकेदाराला दिलं होतं. गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार ही माणसं त्यानंच आणायची आणि त्यानंच सांभाळायची. काम दिसायला देखणं झालं. आठ महिन्यांनी खालच्या मजल्यावरचे काका दारात आले. "जरा खाली येऊन बघता का?" एवढंच म्हणाले. त्यांच्या बाथरूमच्या छताला ताटाएवढा डाग पडला होता. कडा पिवळ्या, मधे रंगाला फोड आलेले, आणि एका फोडाच्या टोकाला थेंब.

मग कळलं की वॉटरप्रूफिंगचा थर वाळल्यावर नहाणीचं तोंड बंद करून पाणी भरतात, निदान २४ तास, शक्यतो ४८, आणि खालचं छत कोरडं राहिलं तरच वर फरशी लावतात. आमच्याकडे संध्याकाळी थर दिला आणि दुसऱ्या सकाळी फरशी सुरू झाली. मी घरातच होते. पण हे विचारायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं.

आता ते बाथरूम पुन्हा फोडतोय. म्हणून विचारते: ठेकेदार कसा निवडलात, पैसे कसे दिलेत, लिहून काय घेतलंत, आणि नेमक्या कुठल्या दिवशी आपण कामावर हजर असायला हवं होतं असं नंतर वाटलं? चांगले अनुभवही हवेत. ठेकेदाराचं नाव नको, काय घडलं ते लिहा.

*

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: प्लास्टर मारायच्या आदल्या दिवशी.

भिंतीत खाचा मारून पाइप आणि वायरिंगच्या नळ्या बसवल्या की भिंत दोन-तीन दिवस उघडी असते. त्या दिवसांत मी प्रत्येक भिंतीचे फोटो काढले. एक फोटो टेप जमिनीपासून उभी धरून, एक कोपऱ्यापासून आडवी धरून. दीड वर्षानं आरसा लावायला माणूस आला, त्यानं पेन्सिलीनं खूण केली, ड्रिल हातात घेतलं, आणि मी फोनवर तो फोटो उघडला. खुणेच्या बरोबर मागून गरम पाण्याचा पाइप वर गेला होता. भोक चार इंच बाजूला पाडलं.

त्याच दिवशी पाइपांची दाबाची चाचणीही करून घ्या. सगळी तोंडं बंद करून हातपंपानं पाण्याचा दाब चढवायचा आणि काही तास काट्यावर लक्ष ठेवायचं. आमच्याकडे काटा उतरला. शॉवरच्या मागच्या एल्बोतून, म्हणजे पाइपाच्या वळणावरच्या जोडातून, थेंब येत होता, बोट फिरवल्यावरच कळेल इतका बारीक. प्लंबरनं अर्ध्या तासात जोड बदलला. टाइल्स लागल्यावर हेच कळायला कदाचित वर्ष गेलं असतं, तुमच्यासारखं.

*

मी तीन कोटेशन्स घेतली होती. सगळ्यात स्वस्त जे होतं, त्यात एकच ओळ: "दोन बाथरूम, संपूर्ण नूतनीकरण, एकरकमी." दुसरं तीन पानांचं होतं आणि म्हणूनच महाग वाटत होतं. माझ्या भावानं सांगितलं, ताई, ही तीन कोटेशन्स तीन वेगळ्या कामांची आहेत, त्यांची तुलनाच होत नाही.

मग मीच कामांची यादी केली आणि तिघांना तोच कागद दिला. तोडफोड कोण करणार, राडारोडा खाली नेऊन टाकण्याचे पैसे धरलेत का, वॉटरप्रूफिंगचे थर किती, पाइप कुठल्या कंपनीचे, फरशी मी आणणार की तुम्ही, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) आणि ग्राउट (टाइल्सच्या फटींत भरायचा मसाला) धरलंय का, रंगाआधी पुट्टी-प्रायमर आहे का, रंगाचे हात किती. रंगाच्या मोजमापातून दारं-खिडक्या वजा होणार की नाही, हेही विचारलं, कारण बिलाच्या दिवशी हमखास त्यावरून वाद होतो. कागद भरून आले तेव्हा स्वस्त ठेकेदार मधल्याच्याही वर गेला होता.

आणखी एक. तिघांनीही नुकतंच झालेलं काम दाखवायची तयारी दाखवली. मी म्हटलं, निदान वर्षभर वापरात असलेलं घर दाखवा. नव्या कामात सगळंच चकाकतं. तिथं मी नहाणीच्या कोपऱ्यातलं ग्राउट बघितलं, बाथरूमच्या दाराच्या खालच्या कडा बघितल्या, ड्रॉवर ओढून बघितले. आणि घरच्या वहिनींना एकच विचारलं, "तक्रार केल्यावर हे किती दिवसांनी आले?" ज्याच्याबद्दल उत्तर आलं, "दुसऱ्या दिवशी, स्वतः आले," त्याला काम दिलं.

*

आम्हाला हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत काढायची होती. पहिल्या ठेकेदारानं भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाला, "चार इंची आहे, एका दिवसात निघेल." दुसऱ्यानं आधी विचारलं की वरच्या मजल्यावर याच जागी भिंत आहे का. मग जुना नकाशा मागितला. मग म्हणाला, "स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन बघून लिहून देत नाहीत तोवर मी हातोडा लावणार नाही."

त्या क्षणी मला तो माणूस अडेलतट्टू वाटला होता. इंजिनिअर आले. भिंत बहुतेक सगळी आडोशाचीच होती, पण तिच्या एका टोकाला कॉलम होता, भिंतीच्या जाडीतच लपलेला, वरून प्लास्टर एकसारखं केलेलं. तोडणारा माणूस घण घालत त्या टोकापर्यंत गेला असता तर कॉलमवर घाव बसायला वेळ लागला नसता. नुसत्या जाडीवरून भिंत भार घेते की नाही हे ठरत नाही, हे त्या दिवशी समजलं. शेवटी आम्ही ठरवलं होतं त्याहून उघडी जागा दोन फूट कमी ठेवली. काम पंधरा दिवस उशिरा सुरू झालं, आणि ते मला अजिबात खुपत नाही.

पुढे याच ठेकेदारानं इलेक्ट्रिशियनला बीममध्ये खाच मारताना थांबवलं आणि नळी वळवून खालून घ्यायला लावली. मी तिथं नव्हतो. मला कोणी सांगितलंही नसतं. इलेक्ट्रिशियननंच नंतर सांगितलं. आपण समोर नसतानाही आपलं घर जपणारा माणूस मिळणं, याहून जास्त काही मागायचं नसतं.

*

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. माझे बाबा ठेकेदार आहेत आणि गेली सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर साइट सांभाळते.

भांडणं सगळ्यात जास्त कशावरून होतात सांगू? जाता जाता सांगितलेल्या कामांवरून. घरमालक येतात, इलेक्ट्रिशियनला म्हणतात, "इथं अजून एक पॉइंट देऊन टाका ना." सुताराला म्हणतात, "वर एक कप्पा वाढवा." त्यांना वाटतं, एवढं तर धरलेलंच असणार. कारागिराला वाटतं, साहेबांनी सांगितलंय म्हणजे पैसे मिळणार. शेवटी बिलात वीस ओळी वाढलेल्या दिसतात आणि दोन्हीकडची चांगली माणसं एकमेकांना चोर समजू लागतात. बाबांनी आता कार्बनची डुप्लिकेट वही ठेवली आहे. वाढीव काम काय, पैसे किती, दिवस किती वाढणार, खाली दोघांची सही, आणि मगच काम. सुरुवातीला लोकांना हे परकं वाटतं, दुसऱ्या आठवड्यात तेच म्हणतात की वही आणा.

ठेकेदार मधेच गायब झाला असं लोक सांगतात. कधी तो खरंच लबाड असतो. पण कधी असंही होतं: फरशीवाल्यांची टोळी ठरल्या दिवशी येते आणि घरमालकांची टाइल अजून ठरलेली नसते. ती माणसं रोजावर जगतात, बसून राहू शकत नाहीत. ती दुसऱ्या साइटवर जातात आणि तिथलं काम संपवूनच परत येतात. टाइल्स, नळ, सिंक, स्विच, हँडल हे सगळं तोडफोड सुरू व्हायच्या आधी ठरवा. वस्तू घरात आली असेल तर फारच उत्तम, कारण सिंकचं माप हातात असल्याशिवाय ओटा कापता येत नाही.

नव्या प्लास्टरला घाई करू नका. त्याला आठवडाभर पाणी मारावं लागतं आणि नंतर नीट वाळू द्यावं लागतं. ओल असताना रंग दिला तर पापुद्रे निघतात, आणि मग रंगाऱ्याला दोष जातो.

आणि एक मनापासून मागणं आहे. टाइल्स किंवा दगड कोरडे कापले की जी पांढरी धूळ उडते ती फुप्फुसात जाऊन बसते. सिलिकोसिस त्यातूनच होतो आणि तो बरा होत नाही. आमच्याकडे आता पाणी सोडूनच कापतात आणि चांगला मास्क असतो. तुमच्या घरी कोणी कोरडं कापताना दिसलं तर ठेकेदाराला हटका. तुम्ही सांगितलं तर तो ऐकतो.

*

वरच्या ताईंचं पटलं, पण आमचा ठेकेदार खरंच लबाड निघाला.

करारात हप्ते तारखांवर होते. एक तारखेला इतके, पंधरा तारखेला इतके. तारीख आली की आम्ही देत गेलो, काम कुठवर आलंय ते त्या तारखेशी जोडलेलंच नव्हतं. सातव्या आठवड्यात तीनचतुर्थांश पैसे गेले होते आणि काम निम्मंही झालं नव्हतं. मग माणसं कमी झाली. मग फक्त एक बिगारी यायचा आणि झाडून जायचा. मग तोही बंद. आम्ही चौघं चार महिने एका खोलीत राहिलो. मुलीनं परीक्षेचा अभ्यास सिमेंटच्या गोण्यांवर फळी टाकून केला. हे लिहितानाही गळा दाटून येतो.

दुसरा ठेकेदार लवकर मिळत नाही, हे कोणी सांगत नाही. जो तो म्हणतो, आधीच्यानं आत काय केलंय ते मला माहीत नाही, मी हमी देणार नाही. जो अखेर आला त्यानं बाथरूमची नवी फरशीसुद्धा उखडली.

यावेळी हप्ते टप्प्यांवर ठेवले. तोडफोड आणि राडारोडा संपला की एक, पाइपची चाचणी झाली की एक, पाणी भरून झालं की एक, असं. सुरुवातीचा ॲडव्हान्स पहिल्या मालापुरताच. शेवटचे दहा टक्के काम संपल्यावर एक महिन्यानं, राहिलेल्या बारीकसारीक कामांची यादी पूर्ण झाली की. त्यानं काही कुरकुर केली नाही. उलट म्हणाला, मलाही बरं, तुमच्याकडून पैसे कधी येणार ते मला कळतं.

*

छोटीशी गोष्ट. टाइल्स मोजमापापेक्षा निदान दहा टक्के जास्त घ्या आणि खोक्यांवरचा बॅच नंबर जुळतोय का ते उतरवून घेतानाच बघा. आमच्या सहा टाइल्स कमी पडल्या, त्याच डिझाइनच्या दुसऱ्या बॅचमधून आणल्या, आणि आज हॉलमधे उन्हाची तिरीप आली की त्या सहा वेगळ्या दिसतात. उरलेल्या टाइल्स ठेकेदाराला परत नेऊ देऊ नका, माळ्यावर ठेवा. फरशी लागल्यावर नाण्यानं ठोकून बघा. पोकळ वाजली तर खाली मसाला नीट भरलेला नाही, ती तेव्हाच काढायला लावा.

*

आमच्याकडे सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यामुळे घर रिकामं करून काम करणं शक्य नव्हतं. बऱ्याच ठेकेदारांनी ऐकूनच नाही म्हटलं. एकानं विचारलं, "आजोबा दुपारी झोपतात का? किती वाजता?" आणि ती वेळ वहीत लिहून घेतली.

बाथरूम एका वेळी एकच काढलं. त्यांच्या खोलीच्या दाराला प्लास्टिकचा पडदा लावून चारही कडांना टेप मारली. दुपारी एक ते तीन कापाकापी, ठोकाठोकी बंद; त्या वेळात मोजमापं, ग्राउटिंग, सामान आणणं. काम तीन आठवडे जास्त चाललं आणि त्याचे पैसे त्यानं सुरुवातीलाच सांगून घेतले होते. वाद झाला नाही. जाताना मिस्त्रींनी नव्या बाथरूममधे पकडायच्या दांड्याची उंची सासऱ्यांच्या चाकाच्या खुर्चीत स्वतः बसून ठरवली. टाइल्सच्या मागे तिथं भरीव विटा घातल्या होत्या, दांडा उपटून येऊ नये म्हणून. हे आम्ही सांगितलं नव्हतं.

*

सगळ्यांचं दोनदा वाचलं. यादीचा कागद मीही केला, टप्प्यांचे हप्तेही तसेच ठरवले. नव्या ठेकेदाराला फोटोंचं सांगितलं तर त्यानं स्वतःच टेप धरली.

जुनी फरशी काढली तेव्हा दिसलं की नहाणीच्या तोंडाभोवती थर दिलाच नव्हता, आणि भिंतीवर तो जेमतेम चार बोटं चढवला होता. यावेळी भिंतीवर फूटभर वर घेतलाय आणि शॉवरच्या बाजूला पूर्ण उंचीनं.

काल संध्याकाळी सहा वाजता पाणी भरलं. मिस्त्रींनी पाण्याच्या कडेनं भिंतीवर मार्करनं रेघ मारली आणि बाजूला वेळ लिहिली. आज सकाळी पाणी रेघेला लागूनच आहे. मी खाली गेले तर काका आधीच स्टुलावर चढून छताला हात लावून बघत होते. म्हणाले, "कोरडं आहे." उद्या संध्याकाळी सहाला ४८ तास होतील. तेव्हा परत जाणार आहे, मग फरशीवाल्यांना फोन.